बोंबलाला लवंगेचं तेल

आमच्या कंपनीच्या माहितीपत्रकावर एक हिरवं पान छापलेलं आहे. ते कोणत्या झाडाचं, हे कंपनीत कोणालाच सांगता येत नाही. लवंगेचं नाही, ओव्याचं नाही, गवती चहाचं तर नाहीच नाही. छापखान्यातल्या माणसाकडे ते तयार होतं, त्याने लावून दिलं. पानाखाली ठळक अक्षरांत ‘केमिकलमुक्त’ असं लिहिलंय. आणि हा मजकूर बोईसरच्या एमआयडीसीत बसून लिहिलेला, जिथे वारा फिरला की खिडक्या लावून घ्याव्या लागतात.

मी तिथे मायक्रोबायॉलॉजिस्ट आहे. जंतू आणि बुरशी पाळायची, वाढवायची आणि मग आमच्या तेलाने ती मरते का ते बघायचं, एवढंच माझं काम. पहिल्याच महिन्यात मी मालकाला सांगितलं होतं, की लवंगेच्या तेलातलं युजेनॉल हेसुद्धा केमिकलच असतं. झाडाने बनवलं म्हणून त्याचा अंगारा होत नाही. मालक गोड हसला. “पण मॅडम, ते चांगलं केमिकल ना?” या माणसाने आधी रंगाचा कारखाना चालवला होता. म्हातारपणी देव आठवावा तसा त्याला निसर्ग आठवला. तेव्हापासून तो ‘निसर्ग’ हा शब्द हात जोडूनच उच्चारतो. मला तो शब्द आता ऐकवत नाही.

तेल मात्र चांगलं होतं. हे मी आजही म्हणेन. लवंग आणि ओवा यांचं तेल बुरशीला मारतं, हे आपल्या आज्या-पणज्यांनाही ठाऊक होतं. पण उघडं तेल उडून जातं, आणि उडेपर्यंत त्याचा वास सगळं घर डोक्यावर घेतो. म्हणून त्या तेलाचे इतके बारीक थेंब करायचे की सूक्ष्मदर्शकातूनही धड दिसू नयेत, आणि प्रत्येक थेंबावर एक आवरण चढवायचं. मग तेल आत कोंडलेलं राहतं, हळूहळू झिरपतं, महिनोन्‌महिने काम करतं, आणि वास जवळजवळ येतच नाही. आमचं आवरण कोळंबीच्या टरफलांपासून काढलेल्या पुडीचं होतं. जी टरफलं आमच्या किनाऱ्यावर बायका उकिरड्यात फेकतात, तीच कुठूनतरी पांढरी पूड होऊन, गोण्यांतून आमच्याकडे विकत यायची. मालक शुद्ध शाकाहारी. आवरण कशाचं आहे, हे मी त्याला दोनदा सांगायला गेले, आणि दोन्ही वेळा त्याला नेमका फोन आला.

त्याचं आणि माझं भांडण वासावरून होतं. तो बाटली उघडायचा, डोळे मिटून नाकाशी धरायचा आणि तोंड वाकडं करायचा. “मॅडम, काहीच येत नाही हो. वास नसेल तर गिऱ्हाइकाला कसं कळणार, आत काही आहे ते?” मी सांगायचे, वास येत नाही हीच तर कमाल आहे. तो म्हणायचा, कमाल कळली पाहिजे ना. शेवटी त्याने बाहेरगावच्या लोकांना दाखवायला म्हणून वरून उघडं तेल घालून वेगळ्या बाटल्या भरून घेतल्या. पाहुणे यायचे, हुंगायचे, “वा!” म्हणायचे. शिकलीसवरलेली माणसं, कोट घालून आलेली, आणि परीक्षा कशाने करतात, तर नाकाने. मी बाजूला उभी राहून बघायचे आणि मनात म्हणायचे, नाकाने कांदे सोलणारे लोक. आठ वर्षं मी त्या तेलांत काढली होती. मला आकडे वाचता येत होते. मला नाकाची गरज नव्हती.

तेव्हाची एक गोष्ट मला लक्षात ठेवायला हवी होती. बोईसर स्टेशनवरून शेअर रिक्षात बसले, की बाजूची बाई हळूच पदर नाकाशी न्यायची. एकदा रिक्षावाल्याने आरशातून बघत विचारलं, “मैडम, लौंग वाली कंपनी में हो ना?” गळ्यातलं ओळखपत्र बघून तो बोलला असेल असं मला वाटलं. ओळखपत्र त्या दिवशी पिशवीत होतं, हे घरी आल्यावर दिसलं. तरीही मी काही समजले नाही.

आता मावशी. माझी सख्खी मावशी दातिवऱ्याला राहते, अगदी किनाऱ्यालगत. सुका बोंबील ही तिची ओळख. पावसाळ्यात होड्या बंद असतात, म्हणून त्याआधी, मे महिन्यात, घरोघर सुकी मासळी भरून ठेवतात. त्याला आमच्याकडे आगोट म्हणतात. केळवे-माहीमची, नारळी-केळीच्या बागा असलेली वाडीवाली घरं वर्षानुवर्षं मावशीकडूनच आगोट भरत आली. पालघरच्या बाजारात तिची ठरलेली जागा होती. गिऱ्हाइकं पिशवी पुढे करायची, ती जुड्या टाकायची, कोणी उघडूनसुद्धा बघायचं नाही. माशी बसू नये म्हणून कोणी कोणी सुकत्या मासळीवर शेतातलं औषध मारतात, अशी कुजबुज बाजारात दरवर्षी असते. मावशीबद्दल ती कधी झाली नाही.

पण दोन पावसाळे दमट गेले. वाडीवाल्या घरांनी श्रावण पाळला, डबे महिनाभर बंद राहिले, आणि श्रावण संपल्यावर उघडून बघतात तर बोंबलाला हिरवट बुरशी. एकदा झालं, लोक गप्प राहिले. दुसऱ्यांदा झालं तेव्हा एक जुनी गिऱ्हाईक बाई तिला तोंडावर म्हणाली, “मावशी, आता तुजा माल राहत नाय.” आणखी एका वर्षी असं झालं, की ही घरं दुसरीकडे जाणार, हे मावशीला कळलं होतं. कोणीतरी तिला शेतातल्या औषधाच्या पांढऱ्या पावडरीचा पुडाही आणून दिला. तिने तो समुद्रात टाकला नाही, मासे मरतील म्हणून. परसात खड्डा खणून पुरला. आणि मला निरोप धाडला.

मी गेले तेव्हा ती ओट्यावर बसून जाळं बघत होती. “तुज्या कंपनीत बुरशीचं औशद करतात ना गो? पन खाल्लं तर काय व्हनार नाय, असं हाय काय?”

“आहे,” मी म्हटलं. “आणि वाससुद्धा येत नाही.”

“वास येता कामा नाय. सुक्या मावऱ्याला मावऱ्याचाच वास पायजे.”

मला तेव्हा फार बरं वाटलं, हे कबूल करते. मालकापेक्षा माझ्या अंगठेबहाद्दर मावशीला माझं काम जास्त कळलं होतं. मी मालकाला विचारलं. तो खूष झाला, ‘किनाऱ्यावरच्या भगिनींसाठी निसर्गाची भेट’ असं काहीबाही बोलला आणि एक छापील कागद दिला. प्रत्यक्ष वापरून पाहिल्याचा तपशील, रंग, पोत, वास, बुरशी, आणि खाली तपासणाऱ्याची सही. मी उघडं तेल न घातलेल्या, खऱ्या बाटल्या उचलल्या. पाहुण्यांच्या बाटल्यांकडे मी ढुंकूनही पाहिलं नाही.

एप्रिलच्या अखेरीला ओला बोंबील भरपूर लागला. दिवस ठरला. सकाळी मी दातिवऱ्याला पोचले, तेव्हा मावशीने मोठा प्लास्टिकचा टब धुऊन ठेवला होता. बाटलीतलं दुधासारखं पाणी ठरल्या मापाने पाण्यात मिसळायचं, त्यात बोंबील बुडवून काढायचे, आणि मग नेहमीसारखे दोन-दोन बोंबील एकमेकांच्या जबड्यांत अडकवून बांबूच्या वलांडीवर टांगायचे. मावशीने मला विचारलं, “पानी किती?” मी माप सांगितलं. टबाशेजारी भरलेले हंडे होते. मीच ते एकेक करून ओतले. मीच ढवळलं. पाणी थोडं फुटल्यासारखं दिसलं, वर बारीक तवंग आला. मला वाटलं, मासळीचा चिकटा असेल. मावशी बुडवत गेली, मी आणि शेजारची एक बाई टांगत गेलो. दुपारपर्यंत वलांडी भरली.

चौथ्या दिवशी मी परत गेले. बोंबील कडक सुकले होते, रंग चांगला होता, एकही माशी नव्हती. मावशीने एक बोंबील मोडला, नाकाशी धरला, मग दुसरा मोडून तोही धरला.

“काय?”

“याला वास येते गो बाय. दाताच्या डाक्टरकडं येते तसा.”

मी तिच्या हातातून घेतला. हुंगला. पुन्हा हुंगला. मला काही आलं नाही. “मावशी, तुला माहीत आहे ना आत काय घातलंय, म्हणून तुला तसं वाटतं. मनाचे खेळ असतात ते. आमच्याकडे पाहुणे येतात ना, ते असेच.”

“तसं आसंल,” ती म्हणाली. तिने आणखी एकदा हुंगला. “तू शिकलेली हायस. तू बोलतस नाय, तर नाय.”

मी ओट्यावर बसूनच कागद भरला. रंग: उत्तम. पोत: उत्तम. वास: मूळचा. खाली सही केली. मावशीला वाचता येत नाही, पण माझी सही तिला ओळखता येते, मी शाळेत असल्यापासून ती बघत आली आहे. तिने कागदाकडे बघितलं आणि जुड्या बांधायला घेतल्या. त्या वर्षी तिने सगळाच बोंबील त्यात बुडवला होता. थोडा बाजूला ठेव, असं मी तिला सांगितलं नाही. प्रयोगशाळेत कुठलीही गोष्ट करताना अर्धा नमुना मी बाजूला ठेवते, मेले तरी ठेवते. मावशीच्या वलांडीवर मला त्याची आठवण झाली नाही.

आगोटीच्या बाजाराला मी मुद्दाम रजा टाकून गेले. खरं सांगायचं तर मिरवायला गेले होते. पोचायला अकरा वाजले. तोवर मावशीच्या पुढ्यातला ढीग निम्मा व्हायला हवा होता. तो जसाच्या तसा होता. मावशी त्याच्यामागे पाय दुमडून बसली होती आणि माझ्याकडे बघत नव्हती.

मी बाजूला उभी राहिले. केळव्याची एक बाई आली, वीस-पंचवीस वर्षांपासूनची गिऱ्हाईक. हसत पिशवी पुढे केली आणि मग पिशवी तशीच धरून थांबली. वाकली. एक जुडी उचलून नाकाशी नेली.

“मावशी, बोंबलाचे दात काडलेस का काय?”

बाजूच्या दोघीतिघी हसल्या. “लवंगेचं तेल हाय त्याच्यात,” मावशी म्हणाली. “बुरशी लागू नय म्हनून. ईष नाय. माजी भाची कंपनीत हाय, तिनं तपासलाय.”

“आसंल. पन याचा कालवन करून घरात कोन खाईल गं?” बाईने जुडी जिथली तिथे ठेवली. हळूच ठेवली, रागाने नाही. मग ती दोन जागा सोडून तिसरीकडे गेली आणि तिकडे तिने उघडून, हुंगून, घासाघीस करून आगोट भरली.

दुपारपर्यंत हेच. काही जण चेष्टा करत होते, काही नुसतेच वाकून परत जात होते. एकाने तर विचारलं, “औशद मारलाय का?” हे ऐकलं तेव्हा मावशीचा चेहरा मी पाहिला. तीस वर्षांत तिला हा प्रश्न कोणी विचारला नव्हता. मी पुढे होऊन त्या माणसाला समजावू लागले, तेल म्हणजे काय, आवरण म्हणजे काय, ते किती सुरक्षित आहे. माझ्या तोंडून ‘निसर्ग’ हा शब्द गेला. तो माणूस माझं पुरतं न ऐकता एक पाऊल मागे सरकला. मला वाटलं, मी फार जोरात बोलले. तसं नव्हतं. माझ्या अंगालाही तोच वास होता.

बोईसरला परत गेल्यावर मी दोन काचपात्रं घेतली. एकात गोडं पाणी, एकात समुद्राचं. दोन्हींत आमचं औषध घातलं. गोड्या पाण्यात ते दुधासारखं पसरलं. खाऱ्या पाण्यात दही फुटावं तसं फुटलं आणि थोड्या वेळात वर तेलाचं कडं जमलं. कोळंबीच्या टरफलाचं आवरण इतक्या मिठात टिकत नाही. आवरण फुटलं आणि कोंडलेलं तेल एकदम बाहेर आलं. कोणत्याही कॉलेजच्या पोराने सांगितलं असतं.

आणि आमच्या किनाऱ्यावरचं कोणतंही पोर दुसरी अर्धी गोष्ट सांगेल. सुकवायच्या मासळीला गोडं पाणी लावत नाहीत. ती समुद्राच्याच पाण्यात धुतात, नाहीतर ती मऊ पडते, नासते. मावशीच्या टबाशेजारचे हंडे समुद्रावरून भरून आणलेले होते. मी त्याच घरात वाढलेली. ते पाणी खारं आहे का, असं विचारायचीसुद्धा गरज नव्हती, इतकं ते मला माहीत होतं. माझ्या हातांना माहीत होतं. मावशीने मला ‘किती पाणी’ विचारलं आणि मी माप सांगितलं. ‘कुठलं पाणी’ हे आम्हा दोघींपैकी कोणाच्याच मनात आलं नाही. तिच्या जगात मासळीला खाऱ्याखेरीज दुसरं पाणी नव्हतं, आणि माझ्या प्रयोगशाळेत गोड्याखेरीज.

हे मालकाला सांगायला गेले. म्हटलं, चुकलं, खाऱ्या पाण्यात चालत नाही, तसं छापा. मालकाने डोळे मिचकावले. “म्हणजे वास आला ना? मी काय म्हणत होतो? कळलं लोकांना, काहीतरी आहे ते!” माझा सही केलेला कागद तोवर फायलीत गेला होता. नव्या माहितीपत्रकात त्या पानाशेजारी एक बोंबील छापून आला. फोटो कोणत्यातरी भलत्याच माशाचा होता, बोंबील नव्हताच तो. यावर मी चिडलेसुद्धा नाही. हा माणूस निदान बाटली उघडल्यावर नाकाला काय येतं आणि काय येत नाही, ते खरं सांगत होता.

मावशीकडे जायला मला आठवडा लागला. बहुतेक माल तिने तोवर माडांच्या बुंध्यांशी पुरला होता. घरात एक मोठं गाठोडं उरलं होतं. मी कारण सांगितलं, खारं पाणी, आवरण, सगळं. माफी मागितली.  मग तिने आत जाऊन फडक्यात बांधलेला एक बोंबील आणला. तेलातला नव्हे, शेजारणीच्या वलांडीवरचा साधा, मी न विचारताच तसं सांगितलं तिने.

“हुंग,” ती म्हणाली.

मी हुंगला.

“काय येते?”

मला खोटं बोलता आलं असतं. सुक्या बोंबलाचा वास कसा असतो, हे मला आठवत होतं. त्या वासात मी वाढले होते. कॉलेजात असताना त्या वासापायी मी दप्तर वेगळ्या पिशवीत ठेवायचे, कपडे दोनदा धुवायचे, आणि मुली नाक मुरडतात म्हणून रडलेही होते. पण त्या क्षणी माझ्या नाकात काहीच नव्हतं. लवंग नाही, ओवा नाही, बोंबील नाही. आठ वर्षांत तेलांनी ते कधी बंद करून टाकलं, मला कळलंही नव्हतं.

“काही नाही,” मी म्हटलं.

 मला वाटलं, आता मावशी बोलेल. दोन शिव्या घालेल, मी त्या घेईन. ती उठली, कोपऱ्यातलं गाठोडं उचललं आणि माझ्या पुढ्यात ठेवलं.

“हा तूच ने बाय. तुला वास येत नाय ना.”

ती टोमणा मारत नव्हती. अन्न वाया जाऊ नये, एवढाच तिचा हिशेब होता.  मला मात्र लाज वाटली, एवढं म्हणून भागणार नाही. ज्या ज्या माणसाला मी नाकावरून हसले होते, तो प्रत्येक जण माझ्यासमोर रांगेत उभा होता आणि त्यातला एकही चुकलेला नव्हता.

त्या वर्षी वाडीवाल्या घरांनी दुसरीकडे आगोट भरली. आगोट वर्षातून एकदाच असते. पुढच्या वर्षी मावशी बाजारात बसली, तेव्हा तिची गिऱ्हाइकं थोडी परत आली, पण जुडी उघडून, हुंगूनच घेऊ लागली. अजूनही घेतात.

गाठोडं मी बोईसरला आणलं. मी कालवण केलं की नवरा ताट घेऊन गॅलरीत जायचा, शेजारीण दार लावून घ्यायची. मी एकटीने पावसाळाभर तो बोंबील खाल्ला. जून, जुलै, श्रावणसुद्धा पाळला नाही. सप्टेंबरात डब्याच्या तळाशी दोन उरले होते, ते मी प्रयोगशाळेत नेऊन तपासले. बुरशीचा एक ठिपकासुद्धा नव्हता.